गुरुवारच्या कार्डांची तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. जेवायची नव्हे आणि पूजेचीही नव्हे. थॉर्नमिन्स्टर गावात ॲबी रो नावाच्या रस्त्यावर डॉक्टर वेनफ्लीट यांचं घर होतं. त्या घराच्या पुढच्या दारातून आत आलं की उजव्या हाताला एक अरुंद मेज लागायचं. त्या मेजावर मी असायचे. भेटीला येणारी माणसं आपल्या नावाची कार्डं माझ्यात ठेवत. चौतीस वर्षं मी ते काम केलं आणि त्यातल्या तेहतीस वर्षांबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही.

माझा जन्म शेफील्डच्या एका कारखान्यातला. तांब्याचा पत्रा ठोकून मला आकार दिला, काठावर वेलीची पानं उठवली आणि चांदीच्या पाण्यात बुडवून काढलं. पण चांदी चढली म्हणजे लगेच चकाकी येते असं नाही. बाहेर आले तेव्हा मी तापातून उठलेल्या माणसासारखी पांढुरकी, मलूल दिसत होते. मला खरं रूप दिलं ते मार्था नावाच्या एका बाईने. ती गुळगुळीत दगडाचं टोक साबणाच्या पाण्यात बुडवायची आणि माझ्यावरून फिरवायची. असं तिने मला अर्धा दिवस घोटलं. शेवटी मला उचलून तोंडासमोर धरलं आणि म्हणाली, "झालं बाई. आता माझ्या नाकावरचा तीळसुद्धा दिसतोय तुझ्यात. जा मोठ्या घरी." 

मोठ्या घरी मी डॉक्टरांच्या लग्नाच्या अहेरातून गेले. डॉक्टर सेप्टिमस वेनफ्लीट तेव्हा नुकतेच थॉर्नमिन्स्टरला स्थायिक झाले होते. हुशार होते, पण गावाला ते नवीन नव्हते, आणि तीच अडचण होती. ते तिथल्याच एका शाळामास्तरांचे सातवे चिरंजीव. ज्यांनी त्यांना अनवाणी नदीवर पळताना पाहिलं होतं, त्यांच्या नाडीवर हात ठेवायचा म्हणजे सोपं काम नव्हे. ते काम त्यांच्या पत्नीने, ॲडेलेडबाईंनी, सोपं केलं. डॉक्टर माणसं बरी करत आणि ॲडेलेडबाई माणसं जोडत. गावात कुणाची चांगली ओळख कुणाशी, कुणाच्या घरी कधी जायचं, किती वेळ बसायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पाव तास बसायचं, चहा घोटभर घ्यायचा, दुसरं कुणी आलं की उठायचं. कुणी आपल्याकडे येऊन गेलं की आठवड्याच्या आत आपण त्यांच्याकडे जायचं. नाही गेलं तर त्यांनी समजायचं की ओळख नकोय.

प्रत्येक घरच्या बाईंचा एक वार ठरलेला असे. त्या दिवशी दुपारी तीन ते पाच त्या घरी बसणार आणि ज्यांना यायचं त्यांनी यावं. कॅथीड्रलचे, म्हणजे गावच्या मोठ्या चर्चचे, प्रमुख असलेल्या डीनसाहेबांच्या पत्नी मिसेस प्रिडो यांचा मंगळवार होता. बँकेच्या मॅनेजरच्या घरचा बुधवार. ॲडेलेडबाईंनी गुरुवार घेतला आणि आपल्या कार्डाच्या कोपऱ्यात तो छापून घेतला. त्या कार्डाचा तांब्याचा ठसा खास लंडनहून खोदून आणला होता.

एक मुलगी झाली, ऑगस्टा. ती माझ्या काठापर्यंत पोचू लागली तेव्हापासून आई तिला कार्डं लावायला शिकवत असे. "जाड कार्ड वर, पातळ खाली. आणि डीनबाईंचं कुठे?" आई विचारायची. "सगळ्यांच्या वर, पण जरा तिरकं," ऑगस्टा म्हणायची, "म्हणजे मुद्दाम ठेवलंय असं वाटत नाही." दोघी हसायच्या. मलाही हे आवडायचं. जड, गुळगुळीत, उठावाच्या अक्षरांचं कार्ड माझ्यात पडलं की माझा ऊर भरून यायचा. मी गर्विष्ठ होते, मित्रांनो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात मी नुसती साक्षीदार होते असं म्हणून मला सुटता येणार नाही.

ऑगस्टा एकोणीस वर्षांची असताना आई न्यूमोनियाने गेली. घर तिने हातात घेतलं. आईची खुर्ची, आईच्या किल्ल्या, आईचा गुरुवार. त्याच ठशावरून तिने नवी कार्डं छापून घेतली. फक्त 'मिसेस'चं 'मिस' करून घेतलं. तिला मागण्या आल्या होत्या, पण वडिलांना एकटं टाकून जायला ती तयार झाली नाही. पुढे मागण्या यायच्या थांबल्या.

आता ईनॉक पास्कबद्दल सांगायला हवं.

पास्क खोगीरवाला होता. बाजारपेठेत त्याचं दुकान होतं. खोगीर, लगाम, गाडीच्या घोड्यांचा सगळा साज तो बनवायचा. तो आणि डॉक्टर एका बाकावर शिकलेले. डॉक्टरांना उभ्या गावात 'सेप' म्हणून हाक मारणारा तो एकटाच उरला होता. त्याच्याकडे कार्ड नव्हतं. त्याच्या बोटांना मेणाचा आणि घोड्याचा वास यायचा. बोलता बोलता तो मेजावर हात टेकायचा आणि माझ्या काठावर अंगठा उमटवून जायचा. मला तो आवडत नसे.

गावातली दुकानं गुरुवारी दुपारनंतर बंद असत, म्हणून पास्क गुरुवारीच यायचा. रविवारी तो दोन वेळा त्याच्या प्रार्थनामंदिरात जायचा आणि बाकीचे दिवस दुकानात. पुढच्या दिवाणखान्यात बायकांच्या भेटी चालू असत आणि मागच्या अभ्यासिकेत हे दोघे मासे धरायच्या गळाला लावायच्या पिसांच्या खोट्या माश्या बांधत बसत. पास्क मेणाचा दोरा आणायचा, कोंबड्याची पिसं आणायचा. ॲडेलेडबाईंनी एकदा त्याला बाजूच्या दाराने यायला सांगून पाहिलं होतं. डॉक्टर तेव्हा स्वतः बाहेर गेले, त्याला दंडाला धरून वळसा घालून पुढच्या दारात आणलं आणि बायकोला एवढंच म्हणाले, "ईनॉक तिकडून येणार असेल तर मलाही तिकडूनच यावं लागेल." विषय मिटला. तेव्हा डॉक्टरांचा दरारा होता. त्यांच्या घरी कोण येतं हे गावाने हसून सोडून दिलं.

राणीच्या राज्याची पन्नास वर्षं गावाने दिवे लावून साजरी केली, त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉक्टरांना झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. बोलणं अडखळू लागलं, एक एक शब्द विहिरीतून काढल्यासारखा. दवाखाना त्यांच्या तरुण भागीदाराकडे गेला. सुरुवातीला चौकशीची कार्डं इतकी आली की मी ओसंडून वाहिले. नोव्हेंबर लागला आणि कार्डं कमी होऊ लागली. ऑगस्टा रोज सकाळी मला उचलून कार्डं मोजायची नाही, पण तिचं लक्ष असायचं. ओतलेल्या दुधाची पातळी बघावी तशी ती माझ्याकडे बघायची.

डॉक्टर बरे होतील आणि परत कामाला लागतील, यावर तिचा विश्वास होता. तोवर त्यांची गावातली जागा कुणी घेऊ नये एवढंच तिला सांभाळायचं होतं. ज्या घरी भेटी येत नाहीत त्या घरच्या डॉक्टरला कुणी बोलावत नाही, हे तिला आईने शिकवलं होतं आणि ते खोटं नव्हतं.

त्या महिन्यातल्या एका गुरुवारी मिसेस प्रिडो आल्या. पास्क नेमका दारात पोचलेला. त्याने अदबीने दार धरलं आणि त्यांनी त्याच्याकडे न बघता आपली ओली छत्री त्याच्या हातात दिली. 

"चांगली आहे छत्री, बाईसाहेब," पास्क म्हणाला. "पण मी घरचा नोकर नाही. नेली तर परत मिळायची नाही."

मिसेस प्रिडो हसल्या नाहीत. आमची मोलकरीण टॅबिथा मात्र हसू दाबत छत्री घेऊन गेली. पास्क आत अभ्यासिकेत गेला. दिवाणखान्याचं दार माझ्यापासून दोन पावलांवर. आतलं सगळं मला ऐकू येत होतं.

"ऑगस्टा, तुमच्याकडे खोगीरवाल्यांचाही गुरुवारच असतो वाटतं?"

"ते बाबांचे जुने मित्र आहेत."

"असतीलच. तुझे बाबा हिंडते-फिरते होते तेव्हा त्यांची ती गंमत होती. आता ते खुर्चीत आहेत. खुर्चीतल्या माणसाला कोण भेटायला येतं, त्यावरून लोक ठरवतात त्याचं काय राहिलंय ते. मी तुझ्या आईची मैत्रीण, म्हणून बोलले."

त्या पाव तास बसल्या आणि गेल्या. पुढच्या गुरुवारी कार्डं तीनच पडली.

ऑगस्टा बराच वेळ माझ्यासमोर उभी होती. आईच्या ठशावरचं आपलं एक कार्ड तिने उचललं. कोपऱ्यातल्या 'गुरुवार' या अक्षरांवरून नख फिरवलं. मग ते कार्ड खाली ठेवलं आणि टॅबिथाला हाक मारली.

"पुढच्या खेपेला मिस्टर पास्क आले की डॉक्टरसाहेब घरात नाहीत म्हणून सांगायचं."

त्या घरात हे वाक्य रोजचं होतं, मित्रांनो. घरात असून नाही म्हणायचं ही त्या लोकांची रीतच होती. बाईसाहेब जिन्यावर उभ्या असत आणि टॅबिथा दारात सांगायची, बाईसाहेब घरात नाहीत. येणाऱ्या बाईला ते पक्कं ठाऊक असायचं. ती कार्ड टाकून निघून जायची, राग ना रुसवा. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या घरी तेच करायची. 

पास्क आला. टॅबिथाने बाहेर पाऊल टाकून दार मागे ओढून घेतलं, तरी फट राहिली.

"डॉक्टरसाहेब घरात नाहीत."

"नाहीत?" पास्कने विचारलं. "म्हणजे बाहेर गेलाय? चालत?"

टॅबिथाला एकच वाक्य सांगितलेलं होतं. तिने तेच पुन्हा म्हटलं.

"सेप चालायला लागला म्हणायचा," पास्क म्हणाला. "मला बोलला नाही गेल्या वेळी. मुद्दाम लपवलं असणार, अचानक दाखवायला. काठी घेऊन गेलाय ना? नसेल नेली, गाढव आहे. टॅबिथा, त्याला म्हणावं, नदीकडे एकटा जाऊ नको, घसरडं झालंय."

तो गेला तो शीळ घालत गेला. 

टॅबिथा आत आली. ऑगस्टा माझ्याजवळच उभी होती.

"ताईसाहेब, खोटं बोलायला माझी ना नाही," टॅबिथा म्हणाली. "बारा वर्षं या दारात तेच करतेय. पण ऐकणाऱ्यालाही माहीत असतं ना ते. या माणसाला माहीत नाही. खूश होऊन गेला बिचारा."

"पुढच्या आठवड्यात बघू," ऑगस्टा म्हणाली.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगू? माझ्या काठावर त्या दिवशी अंगठा उमटला नाही, याचं मला बरं वाटलं.

पण पास्कच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्याने दुकानात आलेल्या प्रत्येक गाडीवानाला सांगितलं की डॉक्टर वेनफ्लीट चालायला लागले. गाडीवानांनी मालकिणींना सांगितलं. आठ दिवसांत गावभर झालं. पुढच्या गुरुवारी दाराची घंटा थांबेना. अभिनंदनाची खूण म्हणून कोपरा दुमडलेली कार्डं माझ्यात पडू लागली. स्वतः मिसेस प्रिडो आल्या आणि ऑगस्टाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "मी म्हणतच होते. वसंतात डीनसाहेबांचा खोकला त्यांनाच दाखवायचा. तो भागीदार पोरगा आम्हाला नको."

ऑगस्टाने तोंड उघडलं होतं. मी पाहिलं. ती काहीतरी सांगणार होती. मग तिने तोंड मिटलं आणि म्हणाली, "बाबांना बरं वाटेल ऐकून."

आता मागे फिरणं कठीण झालं. एकाला खरं सांगायचं तर सगळ्यांना सांगावं लागणार. पास्क दर गुरुवारी यायचा आणि दर गुरुवारी टॅबिथा तेच सांगायची. "आजही?" तो म्हणायचा. "एवढ्या थंडीत? आता मीच त्याला गाठतो एकदा रस्त्यात." तो चालत नदीवरचे दोन्ही पूल बघून यायचा, असं टॅबिथाला पाववाल्याने सांगितलं. 

आणि डॉक्टर मागच्या खोलीत होते. वाऱ्याची झुळूक नको म्हणून मधलं जाड दार बंद असायचं. गुरुवारी जेवण झालं की ते डाव्या हाताने खूण करून टॅबिथाकडून खुर्ची दाराकडे वळवून घ्यायचे. पुढच्या दाराची घंटा तेवढी त्यांना ऐकू यायची, आणि गुरुवारी ती पंधरा वेळा वाजायची. पाच वाजता भेटी संपल्या की ऑगस्टा मधलं दार उघडून आत जायची. तेव्हा मला त्यांचा आवाज येई.

"ईनॉक... आला?"

"नाही, बाबा."

"दुकानात... गर्दी असेल."

"हो. नाताळ आलाय ना. सगळ्यांना घोड्यांचा साज नवा हवा असतो."

नाताळ झाला. जानेवारी लागला. "दुकानात गर्दी असेल," असंच ते म्हणत. फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी ऑगस्टा आत गेली आणि त्यांनी विचारलंच नाही. ती थांबून राहिली होती. मग तिने आपणहून विचारलं, "बाबा, काही हवंय?" त्यांनी मान हलवली. टॅबिथा सांगते, त्या दिवशी त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली होती.

ऑगस्टा बाहेर आली, मेजाला धरून उभी राहिली. कार्डांनी मी भरलेली होते. तिने वरच्या कार्डांना हातही लावला नाही.

"टॅबिथा, पुढच्या गुरुवारी मिस्टर पास्कना आत घे. मी बोलेन त्यांच्याशी. जे काय आहे ते मी सांगेन."

टॅबिथा खाली बघत राहिली. "ते नाही यायचे, ताईसाहेब. आजच म्हणून गेले. म्हणाले, हा भेटत तर नाही, मग उगाच घंटा कशाला वाजवू. मार्चात नदीवर मासे धरायला मोकळीक झाली की थेट टोपली घेऊन येतो आणि त्याला घेऊनच जातो."

तर मग निरोप पाठवायचा, तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते, पण तबकडीचं कोण ऐकतं. ऑगस्टाने चिठ्ठी लिहायला घेतली. शुक्रवारी एक लिहिली आणि फाडली. शनिवारी दुसरी. ज्या माणसाला तीन महिने दारातून परत पाठवलं त्याला काय लिहायचं, कुठून सुरुवात करायची, हे तिला जमेना. रविवारी लिहिलेली चिठ्ठी तिने घडी घालून माझ्यात आणून ठेवली. सोमवारी सकाळी टॅबिथा ती घेऊन जाणार होती.

सोमवारी पहाटे डॉक्टर गेले. झोपेतच गेले. दुसरा झटका होता.

ती चिठ्ठी ऑगस्टाने माझ्यातून उचलून चुलीत टाकली.

पास्कला कळलं ते दुसऱ्याच वाटेने. अंत्ययात्रेच्या गाडीचा काळा साज उसवला होता आणि तो शिवून घ्यायला माणूस त्याच्याच दुकानात गेला. कुणासाठी म्हणून पास्कने सहज विचारलं. मंगळवारी दुपारी तो दारात आला. ऑगस्टा तेव्हा जिन्यावरून उतरत होती, काळ्या कपड्यांत. टॅबिथा काही बोलायच्या आत ती पुढे झाली आणि तिने स्वतः दार उघडलं.

"गसी," पास्क म्हणाला. लहानपणापासून तो तिला तसंच म्हणायचा. "पडला का गं कुठे फिरताना? मी म्हणत होतो टॅबिथाला, काठी नेत नाही तो."

तिला हो म्हणता आलं असतं. एक शब्द. पुढे कुणालाही काही कळलं नसतं आणि पास्क आयुष्यभर मित्राच्या हट्टीपणाला प्रेमाने शिव्या देत राहिला असता. त्या क्षणी ती हो म्हणणार असं मला वाटलं.

"ते कुठेच गेले नव्हते," ऑगस्टा म्हणाली. "झटका आल्यापासून एकदाही नाही. मागच्या खोलीत होते."

पास्कने टोपी काढली नव्हती. ती त्याने आता काढली.

"दर गुरुवारी?"

"हो. मी सांगायला लावलं होतं. लोक येत होते, म्हणून."

"आणि मी गावभर सांगत सुटलो होतो." तो मेजाशी आला, पण हात टेकला नाही. "मला वाटायचं, बरा झाला की माणूस असाच भटकतो. आपल्याला विसरला तरी चालेल, पाय तर चालतायत. मी बायकोलाही तसंच सांगितलं." मग त्याने विचारलं, "मी येत नाही म्हणून काय म्हणायचा?"

"दुकानात गर्दी असेल, असं म्हणायचे."

"गर्दी," पास्क म्हणाला. माझ्यातल्या कार्डांकडे तो बघत होता, पण ती वाचत नव्हता. "जानेवारीत खोगीरवाल्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. हे सेपला ठाऊक होतं. दर जानेवारीत चिडवायचा मला त्यावरून."

ऑगस्टा मधल्या दाराकडे वळली.

"बघायचंय का त्यांना?" तिने विचारलं.

"नको," तो म्हणाला. मग विचार बदलून मधल्या दारातून आत गेला. तो आत किती वेळ होता ते मला सांगता येणार नाही. मधे दोनदा घंटा वाजली, दोनदा कार्डं पडली. बाहेर आला तेव्हा त्याने टोपी घातली आणि म्हणाला, "येतो, मिस वेनफ्लीट." 

तिला त्याने पुन्हा गसी म्हटलं नाही.

अंत्ययात्रेला सव्वीस गाड्या होत्या. डीनसाहेब स्वतः आले. सांत्वनाची एकशे बारा कार्डं माझ्यात जमली. काळ्या काठांची इतकी कार्डं मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. ऑगस्टाने एकेकाला उत्तर लिहिलं. आईने शिकवल्याप्रमाणे, वेळेत. डॉक्टरांची जागा तिने शेवटपर्यंत राखली होती, आता तिथे बसायला कुणी उरलं नव्हतं.

सुतकाचं वर्ष असंच गेलं. त्या वर्षात तिने ना कुणाला बोलावलं, ना ती कुणाकडे गेली. पुढल्या फेब्रुवारीत तिने आईचा तो तांब्याचा ठसा छापखान्यात पाठवला. वार बदलून हवा, असं लिहिलं. आता तिच्या घरी भेटी शुक्रवारी असणार होत्या, गुरुवार मोकळा राहणार होता. सोमवारी ठसा गेला आणि गुरुवारी सकाळी शंभर नवी कार्डं कागदाच्या पुडक्यात दारात आली. टॅबिथाने पुडकं सोडून ती माझ्यात ठेवली. ऑगस्टाने एक उचलून पाहिलं. 

"आलीसुद्धा?" तिने विचारलं.

"तीन दिवसांचं काम, ताईसाहेब. जुनं अक्षर ठोकून सपाट करतात, त्यावर नवं खोदतात. छापखानेवाला म्हणाला, केव्हाही सांगा."

ऑगस्टा जिन्याच्या पायरीवर बसली. मी त्या घरात असताना घरच्या बाईला जिन्यावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी ती एक कार्ड घेऊन बाजारात गेली. परत आली तेव्हा हातमोजे काढता काढता तिने टॅबिथाला सांगितलं ते मी ऐकलं. पास्क तिच्याशी चांगलं बोलला होता. बसायला स्टूल दिलं. गुरुवारी दुपारी आमच्याकडे येत जा, माझ्याबरोबर चहा घ्या, असं ती म्हणाली. तो म्हणाला, "गुरुवारी आता मी दुकान उघडंच ठेवतो, मिस वेनफ्लीट. घरी बसून करायचं काय?"

पुढची हकीकत फार नाही. ऑगस्टाने घर विकलं आणि समुद्राकाठी दोन खोल्यांत राहायला गेली. तिथे मेजाला जागा नव्हती. मला तिने टॅबिथाला दिलं. टॅबिथा मला दर शनिवारी पांढऱ्या मातीने घासायची, प्रेमाने, आणि त्या प्रेमानेच माझी चांदी हळूहळू गेली. आता मधोमध तांबं दिसतं. टॅबिथाच्या भाचीच्या घरात मी खिडकीत असते. माझ्यात बटणं असतात, सुया असतात, कधी अर्धं बिस्किट असतं. नावाची कार्डं आता कुणी छापत नाही. येणारे लोक दार ढकलून आत येतात आणि मोठ्याने हाक मारतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मला तसं काही मागायचं नाही. माझ्यातली बटणं काढून मला भंगारात दिलंत तरी माझी तक्रार नाही. मला दुसरंच सांगायचं आहे. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, म्हातारं असेल, आणि एखाद्या माणसाची वाट बघत असेल, तर त्या माणसाला आत येऊ द्या. तुमच्याकडे पाहुणे असतील, तुम्हाला लाज वाटत असेल, त्याच्या हाताला कसला वास येत असेल, तरी येऊ द्या. वेळ जुळत नसेल तर तुमची वेळ बदला. आईने घालून दिलेली असली तरी बदला, आई रागावणार नाही. ते अवघड वाटतं, फार मोठं काम वाटतं, पण तसं ते नसतं. आमच्या घरी ते तीन दिवसांचं काम होतं, आणि आमच्याकडे तीन महिने होते.